दोराबजींचे धावपटू आणि आमचे बापूकाका

हा भाग यायला दीड महिना उशीर झाला. कारण सांगतो. जानेवारीत मी मुंबई मॅरेथॉन पळालो, पूर्ण बेचाळीस किलोमीटर, आणि त्यानंतर आठवडाभर जिना उलटा उतरत होतो. खरंच, पाठमोरा. उरलेले पाच आठवडे मात्र हा भाग रेकॉर्ड करायचा की नाही, यातच गेले. कारण यात घरातली गोष्ट आहे.

आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे, त्यामुळे आज इतिहासच सांगणार आहे. पण तो मी का शोधत बसलो ते आधी सांगावं लागेल.

मी देऊळगाव राजाचा. बुलढाणा जिल्हा, म्हणजे कागदावर विदर्भ, पण बाजारहाट, दवाखाना, रेल्वे सगळं जालन्याला. माझे सगळ्यात धाकटे काका, घरात त्यांना बापूकाका म्हणतात, त्यांना स्किझोफ्रेनिया आहे. हे वाक्य मी सव्वीस वर्षांचा होईपर्यंत कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. आमच्या घरात त्याला 'बापूची तब्येत' म्हणतात. पाहुणे आले की बापूची तब्येत मागच्या खोलीत असते.

मॅरेथॉनसाठी नाव घातलं तेव्हा ठरवलं की मानसिक आजारांवरच्या संशोधनासाठी पैसे गोळा करायचे. मुंबई मॅरेथॉनमध्ये तशी सोय आहे. स्पर्धा २००४ साली सुरू झाली आणि पहिल्यापासूनच पळण्याला देणगीची जोड होती. आता युनायटेड वे मुंबई ते काम बघते. नोंदलेल्या संस्थांपैकी एक निवडायची, आपलं पान बनवायचं आणि ओळखीच्यांकडे मागायचं. मी निवडलेल्या संस्थेचं नाव घेत नाही, जाहिरात वाटेल.

आता मागायचं तर कारण सांगावं लागतं. मी गावच्या शाळेच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर एकच मेसेज टाकला, आणि त्यात काकांच्या आजाराचं नाव लिहिलं. बाबांचा फोन पाच मिनिटांत आला. चुलत बहिणीचं स्थळ बघणं चालू होतं, तेव्हा तुम्ही समजू शकता. बाबा एवढंच म्हणाले, "तुला पळायचं तर पळ, आम्हाला कायले पळवतो?" त्यानंतर अकरा दिवस बोलले नाहीत.

त्या अकरा दिवसांत मी वाचत बसलो. मॅरेथॉन आणि आजारावरचं संशोधन यांचा आपल्याकडे काही संबंध आहे का, की हे सगळं इंग्रजांकडून घेतलेलं फॅड आहे? बाहेरचं तर सगळ्यांना माहीत असतं. १९८० मध्ये टेरी फॉक्स हा कॅनडातला पोरगा कॅन्सर संशोधनासाठी एका कृत्रिम पायावर १४३ दिवस धावला, पाच हजारांवर किलोमीटर. २०१७ ची लंडन मॅरेथॉन तर मानसिक आरोग्यासाठीच होती म्हणा ना, 'हेड्स टुगेदर' ही मोहीम त्या वर्षीची अधिकृत चॅरिटी होती. ब्रिटनमध्ये एमक्यू नावाची संस्था फक्त मानसिक आरोग्याच्या संशोधनासाठी पैसे जमवते. हे सगळं ठीक. पण मला जे सापडलं ते पुण्यात सापडलं, आणि १९१९ सालातलं.

सर दोराबजी टाटा तेव्हा डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याने पुण्यात मैदानी स्पर्धा भरवल्या. दोराबजींनी पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना एक पत्र लिहिलं, त्यात त्या स्पर्धांचं वर्णन आहे. पळणारी बहुतेक पोरं शेतात राबणारी होती. खाणं साधं, नियम माहीत नाहीत, सराव कशाशी खातात ते माहीत नाही. शंभर यार्डांची शर्यत ते वळणावरून पळायला निघाले होते! पण घड्याळ लावलं तर वेळ युरोप-अमेरिकेतल्या पळणाऱ्यांच्या जवळ जाणारी. अनवाणी.

मुंबईचे गव्हर्नर लॉईड जॉर्ज नव्हे, जॉर्ज लॉईड (ही चूक मी दोनदा केली, रेकॉर्डिंगमध्ये कापली आहे) यांच्याशी बोलून, थोडे सरकारकडून, थोडे लोकांकडून आणि बरेचसे स्वतःच्या खिशातून पैसे घालून दोराबजींनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवला. सहा जण. कुस्तीला नवले आणि शिंदे, धावायला पूर्मा बॅनर्जी, कैकाडी, आणि मॅरेथॉनसाठी दोघे: सदाशिव दातार आणि बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले.

नावं बघा. सहांतले बहुतेक आपल्याच मुलखातले. शाळेत ऑलिंपिकचा धडा होता, त्यात यातलं एकही नाव नव्हतं.

अँटवर्पची मॅरेथॉन २२ ऑगस्ट १९२० ला झाली. तेव्हा अंतर पक्कं ठरलेलं नव्हतं. आजचं ४२.१९५ किलोमीटर हे १९०८ च्या लंडन ऑलिंपिकचं माप, ते १९२१ मध्ये कायम झालं. अँटवर्पला रस्ता मोजून ४२.७५ किलोमीटर ठेवला होता, ऑलिंपिकच्या इतिहासातला सगळ्यात लांब. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइननने तो दोन तास बत्तीस मिनिटांत जिंकला. दातार पूर्ण करू शकले नाहीत. चौगुले एकोणिसावे आले, दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंद.

दोन पन्नास! मी कार्बनचे बूट, मनगटावर घड्याळ, खिशात जेलच्या पुड्या घेऊन चार तास सेहेचाळीस मिनिटं घेतली. शंभर वर्षांपूर्वी, पाचशे मीटर जास्त पळून. जाऊ द्या.

इथपर्यंत क्रीडा इतिहास झाला. माझं लक्ष वेधलं ते पुढच्या गोष्टीने. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने वारल्या. त्या काळी त्यावर औषध नव्हतं. दोराबजींनी १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला, आणि तो दवाखान्यासाठी काढला नाही. ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी काढला. उत्पन्नाचा मोठा भाग जगभरातल्या संशोधकांना, कुठल्याही देशाचे असोत. स्वतःच्या बायकोला त्याचा काही उपयोग होणार नव्हता, ती गेलेली होती. त्याच वर्षी जूनमध्ये ते स्वतः गेले. जाण्याआधी आपली बाकीची मालमत्ता त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या नावे केली होती.

म्हणजे आपल्याकडचा पहिला मॅरेथॉनवाला पाठवणारा माणूस आणि आजारावरच्या संशोधनाला आपल्या दुःखातून पैसे देणारा माणूस, एकच. दोन गोष्टींचा आपसात संबंध नव्हता हे मान्य. त्यांनी मॅरेथॉनसाठी पैसे दिले, मॅरेथॉनमधून जमवले नाहीत. तरी बाबा बोलत नव्हते त्या दिवसांत मला याचा फार आधार वाटला.

आता मानसिक आजारांकडे येतो, कारण इथे गाडी अडते.

ग्रुपवर मेसेज टाकल्यावर गावाकडून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: संशोधनाला पैसे कशाला? अन्नदानाला मागितले असते तर दिले असते. दसऱ्याच्या बालाजी यात्रेत आमचं गाव हात आखडता घेत नाही. मंडपोत्सवात लाटा उभ्या करायला दोरीला हात लावणारे हजारो असतात, आणि पंगतीला बसलेला माणूस डोळ्यासमोर दिसतो. दवाखान्याची खाट दिसते. संशोधन दिसत नाही. आमच्या शाळेतल्या एका मित्राने विचारलं, "म्हणजे नेमकं काय घेणार त्या पैशात, दुर्बीण?"

त्याला मी सर्पगंधाची गोष्ट सांगितली, तीच इथे सांगतो. सर्पगंधाची मुळी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या 'डोकं फिरलेल्या' माणसाला देत आले. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला, की ही मुळी वेडावर आणि रक्तदाबावर चालते. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात छापले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीत त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिलं. त्याच काळात फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन आलं होतं. १९५७ चा लास्कर पुरस्कार वकील, क्लाइन आणि क्लोरप्रोमाझिनवाले अशा सगळ्यांना मिळून गेला. मुळी आपली, मुंबईचा डॉक्टर आपला, आणि पुढचं काम बाहेर. का? कारण पुढच्या कामाला प्रयोगशाळा, माणसं आणि दहा-वीस वर्षं पुरेल असा पैसा लागतो. रेसर्पिन आज मनोरुग्णांना देत नाहीत, त्याने उदासी वाढते अशी तक्रार होती आणि पुढे बरी औषधं आली. पण बापूकाकांची आजची गोळी त्याच रांगेत पुढे उभी आहे.

मित्राने पाचशे एक रुपये पाठवले. एक रुपया शकुनाचा.

त्या औषधांच्या आधी काय होतं? भिंती होत्या. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं. १८५८ च्या कायद्यानंतर अशी असायलम उभी राहू लागली. रत्नागिरीचं १८८६, ठाण्याचं १९०१, आणि पुण्यातलं येरवड्याचं, खाटांच्या हिशेबात सगळ्यात मोठं. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं पिढ्यान् पिढ्या ही चारच. १९२० च्या सुमारास 'असायलम' हा शब्द जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' आला. चौगुले अँटवर्पला पळत होते तो हाच काळ. १९१२ चा ल्युनसी कायदा मात्र १९८७ च्या मेंटल हेल्थ ॲक्टपर्यंत टिकला, आणि तोही लागू व्हायला १९९३ उजाडलं. इंग्रज गेल्यावर साडेचार दशकं आपण 'ल्युनॅटिक' हाच कायदेशीर शब्द सांभाळला.

देऊळगाव राजाहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. माझ्या लहानपणी समृद्धी महामार्ग नव्हता. आजीने मग काय केलं? बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही आजीने करावं तेच. बापूकाकांना घेऊन ती सैलानीला गेली. पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा. हिंदू, मुसलमान सगळे येतात, होळीला मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. ज्याच्या डोक्यात काही बिघडलंय असा माणूस तिथे आणायची जुनी रीत आहे.

मी बीटेक करून आलो तेव्हा या विषयावर आजीशी जोरात भांडलो होतो. अंधश्रद्धा वगैरे. आता तेवढ्या जोरात भांडणार नाही. मी तिला विचारलं, तिथे जाऊन काय मिळायचं? ती म्हणाली, "तिथं समद्यांच्याच घरी बापू व्हता." गावात तिच्याशी या विषयावर बोलणारं कोणी नव्हतं. तिथे शेजारच्या चुलीवर बसलेली बाई आपल्या मुलाबद्दल तेच सांगत होती. आज शहरात यालाच सपोर्ट ग्रुप म्हणतात आणि त्याला फी असते.

पण याची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खाजगी आश्रयगृहात आग लागली. आतली माणसं साखळदंडाने बांधलेली होती. पंचवीसहून जास्त जण जळून गेले. ती बातमी देशभर गेली, सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली. २०१७ च्या कायद्यात कलम ९५ आहे, मानसिक आजार असलेल्या माणसाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई. हे लिहावं लागलं, यातच सगळं आलं. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' असा प्रयोग झाला, दर्ग्याच्याच आवारात मानसोपचार डॉक्टर बसतात. दुआ मागायची, गोळीही घ्यायची. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग आमच्या टायमाले काऊन नाही केलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण मी ज्या धंद्यात आहे तिथल्या भाषेत एक सांगू शकतो. प्रॉडक्शनमध्ये काही बिघडलं आणि लॉगच नसेल, तर बग सापडत नाही. २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्सने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. बारा राज्यं, चौतीस हजारांवर प्रौढ माणसं. दहा टक्क्यांहून जास्त प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि आजारानुसार सत्तर ते ब्याण्णव टक्क्यांपर्यंत लोकांना उपचार मिळत नव्हते. हे आकडे सगळीकडे वापरतात. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेतकरी आत्महत्यांसाठी ज्या विदर्भाचं नाव देशभर घेतात, तो त्या मोजणीत नव्हता.

म्हणून मला 'विश्राम' सापडल्यावर मी खुर्चीतून उठलो. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत झालेलं काम. राहुल शिधये, विक्रम पटेल आणि सहकारी. विक्रम पटेल म्हणजे १९९६ मध्ये गोव्यात संगाथ ही संस्था उभी करणाऱ्यांपैकी एक. डॉक्टर नसलेल्या, त्याच भागातल्या माणसांना शिकवून नैराश्यावर समुपदेशन करता येतं, हे या मंडळींनी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांच्या चाचणीत दाखवलं. विदर्भात तेच गावपातळीवर नेलं. गावातली आरोग्य कार्यकर्ती घरी जाऊन बोलते, मानसिक प्रथमोपचार देते, गरज वाटली तर समुपदेशकाकडे, त्याहून जास्त असेल तर मानसोपचार डॉक्टरकडे. निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री'त आले. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक कुठेतरी मदत घेत होते. दीड वर्षाने २७.२ टक्के. तुलनेसाठी वेगळी गावं ठेवलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमालाच द्यायचं का, असा प्रश्न विचारता येतो आणि विचारलाच पाहिजे. तरीही, चारावरून सत्तावीस.

आणि पैसे कोणाचे? टाटा ट्रस्ट्सचे. त्या ट्रस्टांच्या कुटुंबातलाच एक म्हणजे सर दोराबजी टाटा ट्रस्ट, ज्याच्या नावे त्या म्हाताऱ्या माणसाने १९३२ मध्ये सगळं करून ठेवलं होतं. पुण्यात अनवाणी पोरांची वेळ लावणारा तोच माणूस.

बाराव्या दिवशी बाबांचा फोन आला. मी हे सगळं त्यांना एका दमात सांगितलं. ते ऐकत होते, मग म्हणाले, तुझ्या मेसेजवर इकडे काही लोकांनी मला गाठलं. मला वाटलं आता स्थळाचं काहीतरी बिनसलं. तसं नव्हतं. कृषी केंद्राच्या दुकानात एकाने त्यांना बाजूला घेऊन आपल्या मुलीबद्दल विचारलं, कुठला डॉक्टर चांगला म्हणून. दुसऱ्याने घरी येऊन विचारलं. तिसरे तर आमचे लांबचे नातेवाईकच निघाले, पंचवीस वर्षं येणं-जाणं आहे, दोन्ही घरांनी एकमेकांपासून तेच लपवलं होतं. स्थळाचं म्हणाल तर एकांनी नकार कळवला, कारण सांगितलं नाही. आम्हाला माहीत आहे. बहिणीने मला फोन करून सांगितलं, "दादा, बरं झालं आधीच कळलं." ती खरंच तसं म्हणाली की माझी समजूत काढली, मला अजून कळलेलं नाही.

पळण्याबद्दल थोडक्यात. पहाटे पाचला सीएसएमटीवरून निघालो. सी लिंकवर सूर्य उगवायच्या आधी पोचलो, तिथे छान वाटतं. पस्तीसच्या पुढे पेडर रोडचा चढ येतो, तिथे काहीच छान वाटत नाही. मी चाललो. चौगुलेंची आठवण काढायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात केळ्याची आठवण येत होती. एकूण एकसष्ट हजार चारशे रुपये जमले. संशोधनाच्या हिशेबात ही रक्कम म्हणजे काहीच नाही, एका संशोधन सहायकाचे दीड-दोन महिने निघतील.

संक्रांतीनंतर घरी गेलो. पदक आजीने बालाजीच्या फोटोला अडकवलं. जालन्याला प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झाल्याची बातमी बाबांनी कापून ठेवली होती, ती दाखवली. आमच्या घरापासून जालना म्हणजे मॅरेथॉनपेक्षा कमी अंतर.

बापूकाका संध्याकाळी आमना नदीच्या पुलाकडे फिरायला जातात. मी सोबत गेलो. ते फार बोलत नाहीत. पुलावर थांबून त्यांनी विचारलं, पैसे कोणाला दिले. मी सांगितलं, तुमच्यासारख्या आजारावर शोध लावतात त्यांना. त्यांनी उजवा हात पुढे केला. गोळ्यांनी त्यांचा हात थरथरतो, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, बरीच वर्षं झाली.

"हे थांबायचं पण शोधतात का," ते म्हणाले, "का नुस्तं डोक्यातलंच?"

मी म्हटलं विचारतो. संस्थेला मेल टाकली आहे. उत्तर आलं की पुढच्या भागात वाचून दाखवेन.

तुमच्या घरी कोणाला गरज असेल तर टेलि-मानसचा सरकारी नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. भेटू.